वाडगा रामेनचा, शंका वाचकांच्या

वाचक विचारतात : खाऊगल्ली

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातल्या काही रेस्तराँच्या मेन्यूवर रामेन हे जपानी सूप आलं आणि आमच्या टपालात त्याबद्दलच्या शंका. या अंकात फक्त त्याच घेतल्या आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नातू रामेन खायला नेणार म्हणतोय. मला ते नूडल्स घातलेलं सूपच वाटतं. मग एवढं कौतुक कशाचं? आणि मी मागवू काय? (एक आजी, पंचवटी)

आजी, आहे ते नूडल्स घातलेलं सूपच. फक्त ते एका पातेल्यात शिजत नाही. मिसळीत उसळ, कट, तर्री, फरसाण सगळं आपापल्या जागी तयार असतं आणि ऑर्डर आली की ताटलीत एकत्र येतं, तसंच हे. रामेनचे भाग पाच. वाडग्याच्या तळाशी साधारण ३० मिली ‘तारे’ जातं. हा दाट, खारट अर्क असतो आणि मीठमसाला जवळपास सगळा यातच. त्यावर चमचाभर सुवासिक तेल. मग ३०० ते ३५० मिली उकळता स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), ज्यात बहुतेक वेळा मीठ नसतंच. मग पाणी झटकून नूडल्स, कच्च्या वजनाच्या १२० ते १५० ग्रॅम. शेवटी वरची सजावट. स्टॉकला बारा तास लागले असतील, पण वाडगा भरायचं काम दोन मिनिटांत उरकतं.

मेन्यू वाचताना गोंधळ होतो, कारण त्यावरची नावं एका मापाची नसतात. शिओ (मीठ), शोयु (सोया सॉस) आणि मिसो (सोयाबीन आंबवून केलेली पेस्ट) ही तारेची नावं. तोनकोत्सु हे मात्र स्टॉकचं नाव : डुकराची हाडं बारा-बारा तास खळखळा उकळून काढलेलं दुधासारखं पांढरं सूप, मूळ जपानच्या फुकुओकाकडचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी कोंबडीच्या हाडांचं पांढरं सूप देतात, त्याला पायतान म्हणतात. मिसो रामेन सापोरोचं, म्हणजे बर्फाळ उत्तरेचं, म्हणून ते जास्त दाट आणि तेलकट.

नूडल्स मैद्याच्याच, पण त्यात कानसुई नावाचा क्षार घालतात. पापडखाराच्या कुळातलाच तो. त्यानेच नूडल्स पिवळसर आणि चिवट होतात आणि गरम सूपमध्ये लगेच विरघळत नाहीत.

पहिल्यांदा खाताना शोयु मागवा. चव ओळखीची वाटेल, पोटालाही हलकं. तोनकोत्सु पुढच्या वेळी. त्याचा वास सगळ्यांनाच रुचतो असं नाही.

प्रश्न : मेन्यूवर हिरवा ठिपका आणि ‘व्हेज रामेन’ लिहिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबायचं का? (इंदिरानगर)

ठिपक्यावर थांबू नका, विचारा. ‘व्हेज आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ येणारच. भागागणिक विचारा.

स्टॉक कशाचा? भाज्यांचा म्हणाले तर तो इथेच करता की पावडरचा, हेही विचारा. काही पावडरींत चिकनचा किंवा माशाचा अंश असतो. तारे कशाचं? फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. मिसो बहुधा शाकाहारी असतं, पण ‘दाशी’ (जपानी स्टॉक) मिसळलेलं तयार मिसोही मिळतं, आणि दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाची असते. शोयु तारेतही सुके मासे शिजवून गाळून घ्यायची पद्धत आहे. गाळल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. तेल कशाचं? कोंबडीची किंवा डुकराची चरबी वापरतात. वर तरंगणारं काळं लसणाचं तेलही कधीकधी चरबीतच जाळलेलं असतं. आणि नूडल्स? त्यात अंडं आहे का, आणि त्या उकळतात ते पाणी नि जाळी वेगळी आहे का?

सजावटीत गुलाबी भोवऱ्याची पांढरी चकती दिसली तर ती नारुतो, माशाची वडी. वाफेवर हलणारी पातळ तपकिरी कात्रणं म्हणजे सुकवलेला मासा. किमचीतही (कोरियन आंबवलेली कोबी) फिश सॉस किंवा सुकी कोळंबी असू शकते.

ज्या जागी हे प्रश्न ऐकून वेटर न रागावता आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतो, तिथे बिनधास्त जेवावं. ‘सगळं व्हेजच आहे हो’ एवढंच उत्तर मिळालं तर गुपचूप फ्राइड राइस मागवावा. अर्थात तोही कुठल्या कढईतला, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : जैन रामेन मिळेल का? (महात्मानगर)

कांदा, लसूण, आलं, मश्रूम आणि अंडं वगळून एक वाडगा करता येतो. पण मिसो आणि सोया सॉस दोन्ही बुरशीच्या साहाय्याने आंबवलेले असतात, आणि मिरिन किंवा साके (तांदळापासूनची जपानी मद्यं) तारेत गेलं असेल तर त्यात मद्यांश असतो. नियम काटेकोर पाळणाऱ्यांना रामेन सोयीचं नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. या वस्तू चालत असतील तर आदल्या दिवशी फोन करून ठेवा. तारे आणि तेल आधीच करून ठेवलेलं असतं. ऐन वेळी त्यातून लसूण काढता येत नाही.

प्रश्न : सहा जण गेलो. वाडगे एकेक करत आले, सगळ्यांचे येईपर्यंत थांबलो आणि तोवर माझ्या नूडल्सचा लगदा झाला. तक्रार करायला हवी होती का? शिवाय वन बाय टू करून देतात का? (नाशिक रोड)

सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत हात न लावण्याची आपली रीत चांगली आहे, पण रामेनपुरती ती घरी ठेवून या. नूडल्स मुद्दाम किंचित कच्च्या काढलेल्या असतात आणि सूपमध्ये पुढे शिजत राहतात. बारीक, सरळ नूडल्स पाच-सात मिनिटांत ऐन चवीवरून उतरतात. जाड, नागमोडी आणखी थोडा वेळ तग धरतात. ज्याचा वाडगा आला त्याने सुरू करावं. फोटो काढायचे तर दोन काढा. नूडल्स काठीने वर उचलून धरून ‘अजून एक, अजून एक’ चाललं की वरचा पदर वाळतो आणि खालचा फुगतो. त्यात दोष स्वयंपाक्याचा नाही.

तक्रार करण्याजोगी गोष्ट निराळी. वाडगा समोर येतानाच सूप कोमट असेल, किंवा नूडल्स आल्या-आल्याच तुटत असतील, तर परत पाठवा. सूप कोमट असण्याचं कारण बहुधा थंड वाडगा. नीट चालणाऱ्या स्वयंपाकघरात वाडगे आधी गरम पाण्याने तापवून घेतात. वाडग्याची कड हाताला गार लागली की समजा, ही पायरी गाळली आहे.

वन बाय टू सांगायचं तर ऑर्डर देतानाच सांगा. समोर आलेला वाडगा वाटून घेताना निम्मी उष्णता जाते आणि अंडं नेमकं एकाच्याच वाट्याला जातं. याहून चांगली युक्ती म्हणजे काएदामा, म्हणजे सूप शिल्लक ठेवून वरून नूडल्सचा एक जादा गोळा मागवायचा. सगळीकडे मिळत नाही, पण विचारायला हरकत नाही. दोघांत एक वाडगा, एक काएदामा आणि एक प्लेट ग्योझा म्हणजे डंपलिंग असा बेत खिशालाही परवडतो. काएदामा हवा असेल तर पहिल्या नूडल्स संपायला दोन घास असतानाच सांगा आणि सूप पिऊन टाकू नका. दुसऱ्या खेपेला सूप पाणचट लागतं, म्हणून थोडं तारे मागून घ्या.

प्रश्न : भुरके मारत खाणं खरंच चालतं का? चॉपस्टिक जमत नाहीत त्यांनी काय करावं? (कॉलेज रोड, एक विद्यार्थिनी)

जपानमध्ये चालतं, आणि त्याला कारण आहे. भुरक्याबरोबर हवा आत जाते, नूडल्स थोड्या निवतात आणि सूपचा वास नाकापर्यंत चढतो. नाशिकमध्ये कोणी सक्ती करणार नाही. आजोबा बशीतून चहा भुरकत असतील तर त्यांना हे शिकवायची गरजच नाही.

चॉपस्टिकने नूडल्सच्या पाच-सहा तारा धरा, जास्त नको. खालची काठी अंगठ्याच्या बेचक्यात स्थिर ठेवायची, हलवायची फक्त वरची. तारा वर उचला, डाव्या हातातल्या खोलगट चमच्यात टेकवा आणि तिथून तोंडात. मान वाडग्यावर झुकवा. पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात ते लांब नूडल्सची शेपटं उडून. काट्यावर स्पॅगेटीसारख्या गुंडाळू नका. गुंडाळीत सूप अडकतं आणि जीभ भाजते. नाहीच जमलं तर काटा मागा. जपानी रिवाजात निषिद्ध गोष्टी दोनच लक्षात ठेवा : काठ्या अन्नात उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या काठीतून दुसऱ्याच्या काठीत घास द्यायचा नाही. दोन्ही त्यांच्याकडे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

पहिला चमचा सूपचा, न ढवळता. मग तळापासून एकदा हलवा, कारण तारे खाली बसलेलं असू शकतं. चिली ऑइल, व्हिनेगर, लसूण वगैरे निम्मा वाडगा झाल्यावर. सुरुवातीलाच लाल केलंत तर बारा तासांचा स्टॉक आणि पावडरचा स्टॉक यात तुम्हाला काही फरक कळणार नाही. काही रेस्तराँचं त्यातच फावतं.

प्रश्न : मला रक्तदाब आहे. रामेन अजिबातच बंद का? (सिडको)

एका भरल्या वाडग्यात पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ सहज असतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे दिवसाचा कोटा एका वाडग्यात. पण यातलं निम्म्याहून जास्त मीठ सूपमध्ये असतं, आणि ते तारेमधून येतं. तारे प्रत्येक वाडग्यात वेगळं मोजून घालतात, त्यामुळे ‘तारे निम्मं घाला’ असं सांगता येतं. ‘मीठ कमी’ म्हणू नका. वेटर मान डोलावेल आणि काही बदलणार नाही. नूडल्स आणि वरचं खा, सूप तळाशी सोडून द्या, त्यात अन्न टाकल्याचा अपमान कोणी मानत नाही. औषधं चालू असतील तर हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय नकोच.

गरोदर असणाऱ्यांनी पातळ बलकाचं अंडं आणि कच्चे मोड टाळावेत. पूर्ण उकडलेलं अंडं मागितलं तर मिळतं.

प्रश्न : सूप दाट होतं, पण खरंच हाडांचं होतं की कॉर्नफ्लोअरचं, हे कसं ओळखायचं? आणि पाकिटातल्या नूडल्स घालून देतात, हे खरं का? (गंगापूर रोड)

हाडांतलं कोलॅजन उकळून जिलेटिन होतं. असं सूप प्यायल्यावर थोड्या वेळाने ओठ एकमेकांना हलके चिकटतात आणि वाडगा निवला की वर पातळ साय धरते. कॉर्नफ्लोअरचं सूप चमच्याच्या पाठीवर गुळगुळीत, चमकदार थर देतं आणि चमचा तिरका केला की ते एकसंध घसरतं. चवीत मागे काही उरत नाही. शाकाहारी दाट सूपमध्ये बहुतेकदा सोया दूध किंवा तिळाची पेस्ट असते. ती लबाडी नव्हे, तीच पद्धत आहे. मात्र सोया दूध जास्त उकळलं तर फाटतं. वाडग्यात पांढरे कण तरंगत असतील तर तेच झालंय.

पाकिटाचं म्हणाल तर इन्स्टंट नूडल्स मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये जपानात बाजारात आणल्या, कपातल्या १९७१ मध्ये. त्या बहुतेक तळून वाळवलेल्या असतात, म्हणून त्यांना तळणीचा पुसट वास असतो आणि लाटा एकसारख्या असतात. मेन्यूवर ‘कोरियन राम्यन’ लिहिलं असेल तर पाकिटातल्याच येणार; कोरियात राम्यन म्हटलं की साधारणपणे इन्स्टंटच, त्यात फसवणूक नाही. ‘रामेन’ लिहून, हाताने केलेल्याचा भाव लावून पाकीट सोडलं तर मात्र विचारावं.

प्रश्न : बिलात सेवा शुल्क लावलं होतं. द्यावंच लागतं का? (सातपूर)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली : रेस्तराँने सेवा शुल्क आपणहून बिलात लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आधी शांतपणे काढून टाकायला सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. जीएसटी मात्र द्यावा लागतो; स्वतंत्र रेस्तराँत तो साधारण ५ टक्के, म्हणजे ६०० रुपयांच्या बिलावर ३०. सेवा शुल्क १० टक्के लावलं असेल तर जीएसटी ६६० वर लागून ३३ होतो. शुल्क काढायला लावलंत तर करही पुन्हा मोजून घ्या. टीप तुमच्या मर्जीवर.

प्रश्न : घरी शाकाहारी रामेन करायचं आहे. कोबी-गाजर उकळून सोया सॉस घातला, पण ते गाडीवरच्या चायनीज सूपसारखं झालं. काय चुकलं? (देवळाली कॅम्प)

स्टॉकमध्ये अंगच नव्हतं. ते येतं कोंबू या समुद्री वनस्पतीतून आणि सुक्या शिताके मश्रूममधून. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उमामी ही भरीव, रसदार चव शोधली ती कोंबूतूनच. शिताकेतला घटक वेगळा असतो आणि दोन्ही एकत्र आले की चव दुपटीहून वाढते, म्हणून एकावर भागवू नका. दोन्ही ऑनलाइन मिळतात.

दोन वाडग्यांसाठी : एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू आणि पाच सुके शिताके रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. कोंबू धुऊ नका, वरची पांढरी भुकटी चवीचीच असते. सकाळी मंद आचेवर ठेवा. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की कोंबू काढून घ्या. उकळला तर सूप बुळबुळीत आणि कडवट होतं. मग गॅसवर भाजून काळा केलेला अर्धा कांदा, कोबीची दोन पानं, आल्याचा तुकडा घालून अर्धा तास मंद उकळा आणि गाळा. ७००-८०० मिली उरेल.

तेलासाठी तीन मोठे चमचे तेलात ठेचलेला लसूण नि पातीचा कांदा मंद आचेवर सोनेरी करा. लसूण तपकिरी होऊ लागला की उतरवा, तेल तापलेलं असताना तो आणखी पुढे जातो. प्रत्येक वाडग्यात दोन मोठे चमचे मिसो, एक चमचा भाजून वाटलेले तीळ आणि चमचाभर तेल घाला. उकळता स्टॉक आधी पळीभर ओतून मिसो विरघळवा, मग बाकीचा. मिसो पातेल्यात उकळू नका, वास उडून जातो. तीळ नसतील तर शेंगदाण्याचं बारीक कूट. चव वेगळी होते, वाईट नाही.

नूडल्स नाहीतच मिळाल्या तर बारीक स्पॅगेटी घ्या. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात उकळा. क्षारामुळे ती पिवळी आणि लवचीक होते. भांडं मोठं घ्या आणि निम्मंच भरा. फेस भसकन वर येऊन शेगडी विझवतो. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधीपासून तार चाखायला लागा. काढल्यावर गरम पाण्याने खळाळून घ्या, नाहीतर साबणासारखी चव राहते. मग चाळण नीट झटका. सूप पाणचट होतं ते बहुधा इथेच.

अंडं चालत असेल तर फ्रिजमधलं अंडं उकळत्या पाण्यात सोडून सात मिनिटं. पाककृतींत साडेसहा सांगतात, पण नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर आहे आणि पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून अर्धं मिनिट वाढवा. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. सोलून अर्धी वाटी सोया सॉस, वाटीभर पाणी आणि दोन चमचे साखर यात चार ते बारा तास फ्रिजमध्ये ठेवा. दिवसाच्या वर ठेवलं तर पांढरं रबरासारखं होतं. सोया सॉस ‘नॅचरली ब्रूड’ बघून घ्या. स्वस्त बाटल्यांत रंग आणि खारटपणाच जास्त असतो.

प्रश्न : पार्सल आणलं की गोळा होतो. काही उपाय? (एकाहून अधिक वाचक)

ऑर्डर देतानाच नूडल्स, सूप आणि वरचं वेगळं बांधायला सांगा. सूप पातेल्यात खळखळा उकळा, मायक्रोवेव्हमध्ये कड तापते आणि मध्य कोमट राहतो. नूडल्स गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, काठीने सुट्या करा आणि झटकून गरम वाडग्यात घाला. नोरीचा (समुद्री शेवाळाचा) कागद शेवटी, नाहीतर टेबलावर यायच्या आत ओला होऊन चिकटतो. अंडं सूपमध्येच गरम होऊ द्या. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं ठेवलं तर फुटतं, आणि फुटलेला बलक छतावरून खरवडून काढताना सूप पुन्हा गार होतं.